कॅसेटमधला आवाज संगणकात आणताना

फोटोत आजोबा दिसतात. पण ‘पोरा, जेवलास का?’ असं विचारण्याची त्यांची ढब फोटोत येत नाही. ती असते कपाटाच्या वरच्या खणातल्या खोक्यात, छोट्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये. कुणावर ‘ताईचं लग्न’ लिहिलेलं असतं, कुणावर ‘ईद २००३’, तर कुणावर काहीच नाही. मित्रहो, या कॅसेटींना आता फार दिवस उरलेले नाहीत. फिती जुन्या होत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रंही संपत चालली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५पर्यंत जे फितीवरून उतरवलं जाणार नाही, ते बहुतांशी गमावल्यासारखंच आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलण्यासारखं नाही.

सुरुवातीला कॅसेट कोणती आहे ते पाहा. १९९५ साली आलेल्या मिनी डीव्ही कॅसेटवर चित्र आकड्यांच्या रूपातच असतं. ते संगणकात आणणं म्हणजे नक्कल उतरवणं. त्यात चित्राचा दर्जा घटत नाही. व्हीएचएस आणि हाय-एट मात्र जुन्या, अ‍ॅनालॉग पद्धतीच्या. त्यांचं आधी आकड्यांत रूपांतर करावं लागतं. कॅसेट कोणतीही असो, तिच्या कडेची छोटी खिट्टी सरकवून (व्हीएचएसची असेल तर मोडून) पुसली जाण्याची भीती संपवा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

मिनी डीव्हीबाबतची नेहमीची तक्रार अशी : ‘वायर जोडली, पण संगणकाला कॅमेरा दिसतच नाही.’ बहुतेक वेळा चूक वायरीची असते. कॅमेऱ्याला यूएसबीची जागा असली तरी अनेक मॉडेलांत ती फक्त कार्डावरचे फोटो काढण्यासाठी होती. फितीवरचं चित्र पूर्ण दर्जाने येतं ते फायरवायरमधून. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याच जागेला ‘आयलिंक’ म्हटलेलं असतं. कॅमेऱ्याकडचं टोक चार पिनांचं, संगणकाकडचं बहुधा सहा पिनांचं. बाजारात एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशा स्वस्त वायरी मिळतात, त्या या कामाच्या नाहीत. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवावं लागतं. अ‍ॅपलने २०२५च्या मॅकओएस २६मधून फायरवायर काढून टाकलं, तेव्हा तिथेही जुनंच यंत्र हवं.

वायर बरोबर असेल, तर कॅमेरा शूटिंगच्या नव्हे, ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’ स्थितीत आहे ना, ते पाहा. बॅटरीवर विसंबू नका, अ‍ॅडॉप्टर लावा. आधी कॅमेरा बंद, मग वायर, मग कॅमेरा सुरू, असा क्रम ठेवा. तरीही दिसत नसेल तर विंडोज ७मध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून फायरवायरसाठी ‘लेगसी’ नावाचा ड्रायव्हर निवडावा. नंतरच्या विंडोजमध्ये तो वेगळा घालावा लागतो. खरं सांगायचं तर घरात फायरवायर असलेला विंडोज एक्सपीचा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. इंटरनेट न जोडता तो या एका कामासाठी वापरा. त्यातल्या मूव्ही मेकरमध्ये उतरवताना ‘डीव्ही-एव्हीआय’ हाच पर्याय निवडा. इतर पर्याय चित्र दाबून लहान करतात.

दुसरी तक्रार चित्र अडखळण्याची. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, आणि त्या तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. या वेळात संगणकाला दुसरं काम देऊ नका. दर वेळी वीस मिनिटांच्या सुमारास काम थांबत असेल, तर डिस्क ‘फॅट-३२’ पद्धतीची आहे. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डिस्क रिकामी करून ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट करा. मध्येच कोरी फीत आल्यामुळे उतरवणं थांबलं, तर तेवढा भाग पुढे सरकवून पुन्हा सुरू करा.

चित्रात चौकटी उमटत असतील, तर कॅसेट कॅमेऱ्याच्याच पडद्यावर चालवून पाहा. तिथेही चौकटी दिसल्या तर संगणक निर्दोष आहे. कॅमेऱ्याचं हेड मळलेलं असेल. साफसफाईची कॅसेट तिच्यावर लिहिलेल्या सेकंदांपुरतीच चालवा. कॅसेट ‘एलपी’वर, म्हणजे तासाऐवजी दीड तास भरलेली असेल, तर ज्या कॅमेऱ्याने ती भरली त्यातच ती नीट चालण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः कोकणात, दमटपणाचा त्रास असतो. कॅमेऱ्याने ओलाव्याची खूण दाखवली तर कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. ती जाणकाराकडेच द्यावी.

व्हीएचएस आणि हाय-एटसाठी पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी आणि यूएसबीला लागणारं कॅप्चर यंत्र पुरतं. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं इनपुट म्हणून तेच यंत्र निवडलंय का ते पाहा. पुष्कळदा तिथे संगणकाचा माइकच निवडलेला असतो. डिजिटल-एटचे काही कॅमेरे हाय-एट कॅसेट वाजवून थेट फायरवायरमधून चित्र देतात. तसा कुणाकडे असेल तर मागून आणा.

काम झालं की फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाजासकट, एकदा पाहा. दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवा. कॅसेट लगेच टाकू नका. आणि पाहताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून मांडवातली माणसं कोण कोण आहेत ती नावं लिहून घ्या. ती माहिती कुठल्याच वायरीतून येत नाही.