पुतळ्याची जागा

दिल्लीत संसदेच्या आवारातले पुतळे गेल्या काही दशकांत एकेक करून उभे राहिले. 1967 मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. शिल्पकार होते ब्रह्मेश वाघ. एका हातात राज्यघटना, दुसऱ्या हाताची तर्जनी उंचावलेली. पुढे देशभर गावोगावी दिसू लागलेलं बाबासाहेबांचं रूप ते हेच.

1993 च्या गांधीजयंतीला ध्यानस्थ गांधीजी आले. 2003 मध्ये एप्रिलात छत्रपती शिवाजी महाराज आणि डिसेंबरात महात्मा फुले. हे तिन्ही पुतळे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी घडवले. आवारातले बरेच पुतळे सरकारने विकत घेतलेले नाहीत, संस्थांनी आणि स्मारक समित्यांनी ते भेट दिले आहेत. कोणता पुतळा बसवायचा, हे ठरवण्यासाठी लोकसभा अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली खासदारांची समिती असे.

पण समितीने पुतळा बसवला तरी त्याला अर्थ देतात ती माणसं. गांधीजींचा पुतळा प्रवेशद्वारासमोर होता, म्हणून सभागृहात आवाज पोचला नाही की खासदार फलक घेऊन त्याच्या पायऱ्यांवर बसत. आज सत्तेत असलेले काल विरोधात असताना तिथेच बसले होते. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला सामान्य माणसं रांगा लावत. एरवी कडेकोट बंदोबस्तातलं ते आवार त्या दिवशी त्यांचं होई.

नव्या संसद भवनाच्या कामात 2021 मध्ये गांधीजींचा पुतळा एकदा हलला. जून 2024 मध्ये आवारातले विखुरलेले पुतळे एकत्र आणून ‘प्रेरणा स्थळ’ उभारण्यात आलं. जुनं संसद भवन आणि ग्रंथालय यांच्यामधल्या हिरवळीवर ते आहे. पुतळे विखुरलेले असल्याने लोकांना नीट पाहता येत नव्हते, आता सगळे एका जागी दिसतील, असं लोकसभा अध्यक्षांनी सांगितलं. सर्वांशी चर्चा न करताच हे झालं, निदर्शनांची जागाच काढून घेतली, असा विरोधकांचा आक्षेप होता. आता खासदारांच्या घोषणा नव्या इमारतीच्या मकर द्वारावर ऐकू येतात.

पाहणाऱ्यांची सोय झाली, हे खरंच. पण संग्रहालयातली मूर्ती आणि लोकशाहीच्या दारातला पुतळा यांत फरक आहे. दारातला पुतळा आत जाणाऱ्या प्रतिनिधीच्या रोजच्या वाटेत येतो, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. म्हणून असा पुतळा हलवायचा तर निर्णय उघड चर्चेने व्हावा. आणि महापुरुषाच्या चरित्राबरोबर पुतळ्याचंही चरित्र तिथे कोरलेलं असावं: कोणी घडवला, कोणी दिला, आधी कुठे होता, त्याच्या पायाशी कोण बसलं. संसदेत बोललेला शब्द न् शब्द आपण नोंदवून ठेवतो. संसदेच्या अंगणात जे घडलं, तेही याच देशाच्या संसदीय इतिहासाचं पान आहे.