वीस वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला काय द्यायचं: गिफ्ट कार्ड, वस्तू की सरळ पैसे?

भाचा सातवीत असतो तोवर वाढदिवसाची भेट सोपी असते. क्रिकेटची बॅट, रंगपेटी, गोष्टींचं पुस्तक, काहीही चालतं. तोच भाचा कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला गेला की मामा-मामी अडतात. शर्टाचं माप माहीत नसतं, हेडफोन त्याच्याकडे आधीच असतात आणि होस्टेलच्या खोलीत शोपीस ठेवायला जागा नसते. मग मोबाईलवरून दोन मिनिटांत हजार रुपयांचं गिफ्ट कार्ड पाठवलं जातं.

त्यानंतर घरात चर्चा होते ती ‘हे फार कोरडं तर वाटणार नाही ना?’ याची. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. मामाने दिलेले हजार रुपये भाच्याला खरंच हजार रुपयांइतके उपयोगी पडतात का?

न आवडलेली वस्तू किती महाग पडते?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगल यांनी १९९३ साली याच प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळात मिळालेल्या भेटींची किंमत अंदाजे किती असेल आणि भावनिक मोल बाजूला ठेवलं तर त्या वस्तू तुम्हाला किती रुपयांच्या, म्हणजे तिथल्या हिशोबात किती डॉलरच्या वाटतात? उत्तरांवरून त्यांनी असा अंदाज काढला की भेटीच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो. मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तूंमध्ये हे नुकसान कमी होतं, तर आजी-आजोबा, काका-मावशी यांच्या वस्तूंमध्ये जास्त होतं. कारण उघड आहे. रोज सोबत असणाऱ्याला आवड माहीत असते, वर्षातून दोनदा भेटणाऱ्याला नसते.

२०१६ साली जेफ गॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेटींवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. देणारा विचार करतो तो पाकीट उघडतानाच्या क्षणाचा, तर घेणारा विचार करतो पुढच्या वर्षभराच्या वापराचा, असं त्यांनी मांडलं. म्हणूनच दिसायला भारी वस्तू अनेकदा कपाटात जाते.

मग गिफ्ट कार्ड बरं नाही का?

पैसे देण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. लग्न-मुंजीत १०१ किंवा ५०१ रुपयांचं पाकीट हातात ठेवलं जातं आणि त्यात कुणाला कोरडेपणा वाटत नाही. गिफ्ट कार्ड हे त्या पाकिटाचंच नवं रूप वाटतं. पण त्यात एक मोठा फरक आहे. पाकिटातली नोट कुठेही आणि कधीही चालते. कार्ड ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मुदतीतच चालतं.

भारतात ढोबळमानाने दोन प्रकारची कार्डं मिळतात. पहिला प्रकार एकाच दुकानाचा किंवा ॲपचा. ते कार्ड फक्त तिथेच चालतं. अशा कार्डांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे मुदत आणि अटी त्या कंपनीच्याच असतात. दुसरा प्रकार बँका आणि वॉलेट कंपन्यांचा, जो अनेक दुकानांत चालतो. त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनुसार:

• एका गिफ्ट कार्डची रक्कम १०,००० रुपयांपेक्षा जास्त नसते आणि त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत.
• त्यातून रोख रक्कम काढता येत नाही.
• मुदत किमान एक वर्षाची असते.
• मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने ग्राहकाला सूचना द्यायची असते.
• मुदत संपल्यावरही उरलेली रक्कम परत मागता येते.

यात एक मेख आहे. खरेदी करताना मामाचाच मोबाईल नंबर नोंदला गेला असेल, तर मुदतीचा मेसेज मामाला जाईल आणि भाच्याला पत्ताही लागणार नाही.

पैसे कुठे अडकतात?

हजाराच्या कार्डावर ८७० रुपयांची खरेदी झाली की उरलेले १३० रुपये बहुतेक वेळा विसरले जातात. याच्या उलटही घडतं. ज्या दुकानात साधी जीन्स १,८०० रुपयांना आहे, तिथलं हजाराचं कार्ड मिळालं तर विद्यार्थ्याला खिशातून ८०० रुपये घालावे लागतात. म्हणजे भेट मिळाली आणि महिन्याचं बजेट कोसळलं!

दुकानच बंद पडलं तर कार्डाला काहीच किंमत उरत नाही. अमेरिकेतल्या ‘बेड बाथ अँड बियाँड’ या मोठ्या साखळीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि ८ मे २०२३ नंतर गिफ्ट कार्डं स्वीकारणं बंद केलं. ग्राहकांच्या हाती जेमतेम दोन आठवडे होते.

निवड कशी करायची?

वस्तू द्यावी, जर त्याने स्वतः नाव घेतलं असेल किंवा त्याची गरज नक्की माहीत असेल. सरळ विचारण्यात काही कमीपणा नाही. बिल जपून ठेवावं आणि वस्तू बदलून मिळते का, हे दुकानातच विचारून घ्यावं.

गिफ्ट कार्ड द्यावं, जर तो त्या दुकानातून किंवा ॲपवरून आधीपासून खरेदी करत असेल. घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: मुदत किती आहे, रक्कम थोडी थोडी वापरता येते का आणि कार्ड दुकानात व ऑनलाइन दोन्हीकडे चालतं का.

बाकी सगळ्या वेळी यूपीआय किंवा पाकीट बरं. कोरडं वाटत असेल तर सोबत घरचा चिवडा-लाडवाचा डबा पाठवावा. होस्टेलमध्ये त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

कार्डाचा नंबर आणि पिन दिसेल असा फोटो फॅमिली ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नये. तो पाहणारा कुणीही ते कार्ड वापरू शकतो. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

आणि कार्ड दिलंच असेल, तर महिन्याभराने भाच्याला एक फोन करून ‘वापरलंस का रे?’ असं विचारावं. पैसे वाया जायचे वाचतील आणि त्या निमित्ताने बोलणंही होईल.