आधी उकड, मग तळण

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातलं गाव, मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधे, सुरत-कोलकाता महामार्गावर. पूर्वेकडे नांदुऱ्याला रस्त्याकाठची हनुमानाची १०५ फुटी मूर्ती, पश्चिमेकडे मलकापूर ओलांडलं की मुक्ताईनगर, म्हणजे खानदेश. नकाशावर हा पट्टा वऱ्हाडात येतो, पण पंगतीत बसल्यावर ही सीमा पुसली जाते. पत्रावळीवर तुरीच्या डाळीचं वरण, वांग्याची घोटलेली भाजी, साजूक तुपाची धार आणि तळून सोनेरी झालेली बट्टी.

परगावच्या पाहुण्याला ती पहिल्यांदा जाड खारीसारखी दिसते. तो तिचा तुकडा मोडून भाजीला लावतो. इथली माणसं तसं करत नाहीत. बट्टी हातानं कुस्करायची, तिच्यावर वरण ओतायचं, ते मुरू द्यायचं आणि वर तूप घ्यायचं. कुस्करताना ती भुगा होऊन मोकळी झाली तर करणाऱ्या बाईचा हात चांगला. चिवट तुटली तर कुठंतरी चुकलं.

ती चूक बहुतेक वेळा कढईत होत नाही, त्याच्या बरीच आधी होते. सुरुवात गिरणीत असते. पोळीचं बारीक पीठ बट्टीला चालत नाही. गव्हात थोडा मका मिसळून, साधारण पाच वाट्यांना एक या मानानं, रव्याच्या जवळ जाणारं जाडसर दळण लागतं. काही घरांत मूठभर हरभरा डाळही पडते. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे ते गव्हाची ताण धरण्याची सवय मोडतं. तेलाचं मोहन हेच काम दुसऱ्या बाजूनं करतं. किलोभर पिठाला निदान शंभर मिलिलीटर तेल कोरड्या पिठाला हातानं चोळून घ्यायचं, मूठ वळली की ती टिकली पाहिजे. मग ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी बेतानं. कणीक पोळीपेक्षा बरीच घट्ट हवी.

नंतर येते उकड, आणि सगळी बट्टी या पायरीवर उभी आहे. कणकेचे लांबट उंडे वळून ते चाळणीत वाफवतात, किंवा गंजातल्या उकळत्या पाण्यात सोडतात. पाण्यातले उंडे आधी तळाशी जातात, शिजत आले की वर येतात. वाफेवरच्यांना अर्धा तास तरी द्यावा. सुरी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे. इतक्या जाड कच्च्या कणकेला थेट तेलात सोडलं तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. उकडताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, आतला भाग पुरता शिजतो. कढईला मग एकच काम उरतं, वरचं पाणी उडवून कवच करायचं.

उकडलेले उंडे पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम असताना कापले तर सुरीला चिकटतात आणि कडा फाटतात. गार झाल्यावर त्यांचे बोटभर जाडीचे तुकडे करायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. घाईनं तळलेली बट्टी रंगानं फसवते, खुसखुशीत होत नाही. मोठ्या पंगतीला ही दोन टप्प्यांची रीत फार सोयीची पडते: उकड आदल्या संध्याकाळी उरकून ठेवता येते आणि पान वाढायच्या वेळी फक्त तळण उरतं. खानदेशात लेवा पाटीदारांच्या लग्नाकार्यात वरण-बट्टीला जो मान आहे, त्यामागे चवीइतकीच ही सोयही असावी.

बट्टी नेहमीच तळली जात होती असं मात्र नाही. वऱ्हाडातले पानगे आणि रोडगे तिचे सख्खे नातलग, आणि ते आजही गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजतात. संत एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडग्याचाच नवस बोलते, म्हणजे निखाऱ्यावरच्या या भाकरीला किमान चारशे वर्षांचा पुरावा आहे. राजस्थान-माळव्यातली बाटीही मुळात निखाऱ्यावरचीच. पण जगऱ्याला गोवऱ्या लागतात, गोवऱ्यांना गोठ्यात जनावरं लागतात, आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या घटल्या. गॅसच्या शेगडीवर जगरा होत नाही, कढई तापते. घरातली बट्टी तळणीत टिकली, याचं निम्मं श्रेय त्या शेगडीला द्यायला हवं.

असाच प्रवास सातासमुद्रापार आणखी एका भाकरीनं केला आहे. स्कॉटलंडमधली बॅनक ही ओट किंवा जवाच्या पिठाची, तव्यावर भाजायची जाड भाकरी. कातड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर ती कॅनडात गेली, तिथल्या मूळ रहिवाशांनी ती आपली केली, आणि चुलीजवळ भाजली जाणारी बॅनक चरबीत तळलीही जाऊ लागली. अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या तळलेल्या भाकरीची कहाणी जास्त दुःखाची आहे. १८६४ मध्ये लष्करानं त्यांना घरादारातून हाकलून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेलं. तिथं शिध्यात मिळालेलं पांढरं पीठ आणि चरबी यांतून ही भाकरी आली, असं ते सांगतात. १८६८ च्या तहानंतर ते परतले, भाकरी त्यांच्यासोबत राहिली. २००५ मध्ये साउथ डकोटानं तळलेल्या भाकरीला राज्याची अधिकृत भाकरी ठरवलं.

दोन्हीकडे पीठ, स्निग्धांश आणि कढई. पण नवाहोंच्या हाती आलेलं पीठ परक्याच्या गोदामातलं होतं. वडनेरच्या पट्ट्यात गहू, मका, तूर, वांगी हे सगळं आसपासच्या काळ्या मातीतलं. बट्टीचं पान भरगच्च वाटतं ते म्हणूनच, आणि ही तिची सर्वांत मोठी श्रीमंती आहे.

याच बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात, विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. लाखो माणसं शेतात पंगती धरून बसतात आणि ट्रॅक्टरमधून वाढप चालतं. तळलेला गहू आणि वांगं ही जोडी या मातीत किती खोल रुजली आहे, ते तिथं दिसतं.

बट्टी घरी करून पाहायची तर थंडीचे दिवस धरावेत, नवी तूर आणि कोवळी वांगी तेव्हा मिळतात. गिरणीवाल्याला ‘बट्टीचं दळण’ एवढंच सांगितलं तरी या भागात तो जातं कुठं सैल करायचं ते जाणतो. शहरात मात्र ‘जाडसर, रव्यापेक्षा किंचित बारीक’ असं स्पष्ट सांगावं. पहिल्यांदा अर्ध्या किलोचीच करा. उकडलेले उंडे जास्त झाले तर न तळता फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी तळून चहाबरोबर चालतात. आणि वरण जरा पातळच ठेवा, बट्टी ते खूप पिते.