पिळाची परीक्षा

‘केबल ओके आहे’ असं सांगणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा आठ दिव्यांचा छोटा टेस्टर असतो. नेटवर्क केबलचं एक टोक त्यात, दुसरं त्याच्या जोडीच्या डबीत. एक ते आठ दिवे ओळीने लागले की पुढची केबल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारी ही वस्तू तुटलेली किंवा अदलाबदल झालेली तार चोख पकडते. फसते ती वेगळ्याच ठिकाणी.

केबल सोलली की आत चार जोड्या दिसतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीत एक पूर्ण रंगाची तार आणि एक त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी. नवख्याला वाटतं, जोडीशेजारी जोडी लावत जावं. तो दोन्ही टोकांना तशीच लावतो आणि आठही दिवे लागतात. पण प्लगमध्ये चार आणि पाच या जागा निळ्या जोडीच्या. हिरवी तिला मध्ये घेऊन तीन आणि सहावर बसते. ही चमत्कारिक मांडणी टेलिफोनची देणगी, कारण मधल्या दोन खाचा फोनच्या लाइनच्या. नवख्याच्या केबलमध्ये तीनवर हिरव्या जोडीची तार येते आणि सहावर निळ्या जोडीची. वीज पोचते, पीळ मात्र हरवलेला असतो. याला स्प्लिट पेअर म्हणतात. अशी केबल चालतेही, पण रखडत, आणि शिव्या इंटरनेट कंपनीला बसतात.

पिळाचं एवढं काय? अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्ये पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं, ते टेलिफोनच्या तारांमधली शेजारची खरखर घालवायला. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल असतो, दुसरीवर त्याचाच उलटा. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच आदळतो, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोहोंतला फरक वाचत असल्याने तो वजा होतो. चार जोड्यांचा पीळही मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर शेजारणीच एकमेकींत बोलू लागतील. त्यामुळे एकाच केबलमधल्या चार जोड्यांना तार सारखी लागत नाही. घट्ट पिळाला जास्त लागते. गिगाबिट नेटवर्क चारही जोड्या एकदम वापरतं, म्हणून सिग्नल पोचण्यातला हा फरकही मोजावा लागतो. 100 मीटरला त्याची मर्यादा 50 नॅनोसेकंद.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. केबलचा पीळ नुसत्या घाईनेही जातो. टोकाशी तो 13 मिलिमीटरहून जास्त उकलायचा नसतो. सरावाचा कारागीर जॅकवर पंच करताना तारा आधी सोडवून सरळ करत बसत नाही. जोडी खाचेच्या तोंडापर्यंत पिळलेलीच नेतो, तिथे उकलतो आणि टूल दाबतो. केबल ओढतानाही साधारण 11 किलोच्या वर ताण नको, आणि वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या निदान चौपट हवी. नायलॉनचे टाय करकचून आवळले की आतल्या जोड्या चेपतात, म्हणून वेलक्रो बरा. विजेच्या वायरींच्याच पाइपातून डेटा केबल नेण्याच्या आपल्या काटकसरीबद्दल न बोललेलं बरं.

तांब्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या केबलचं दुखणं आणखी खोल. 305 मीटरची पेटी उचलताना हलकी लागली की तार चाकूने खरवडून पाहावी. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. आठ दिवे त्यालाही पास करतात. पण 2018 च्या मानकानुसार एका केबलमधून 90 वॅटपर्यंत वीजही पाठवता येते, आणि कॅमेरे, वायफाय अशी उपकरणं त्याच केबलवर चालतात. गठ्ठ्यात बांधलेली ही नकली केबल मग तापते.

खरी परीक्षा घेतो तो सर्टिफिकेशन टेस्टर. किंमत लाखांत, म्हणून पुष्कळ ठेकेदार तो भाड्याने आणतात. कॅट 5ई केबल तो 100 मेगाहर्ट्झपर्यंत तपासतो, कॅट 6 ही 250 आणि कॅट 6ए ही 500 पर्यंत. सिग्नल वाटेत किती विरला, किती उलटा परतला, शेजारच्या जोडीत किती गळला, हे तो जोडीनिहाय मोजतो. स्प्लिट पेअर इथे सुटत नाही. बिघाड कुठे आहे हे प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून मीटरमध्ये सांगतो. ही चाचणी फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी करायची. नंतर केली तर निकाल कळतो, पण दुरुस्तीला छत उघडावं लागतं.

ठेकेदार शेवटी अहवालाची फाइल देतो आणि गिऱ्हाईक पहिल्या पानावरचं ‘पास’ पाहून बिल मंजूर करतं. ‘पास’पुढे चांदणी असेल तर निकाल मीटरच्या अचूकतेच्या सीमेवरचा आहे, एवढं तरी विचारावं. त्याहून आधी लांबीचा रकाना वाचावा. भिंतीतली केबल 90 मीटरच्या आत हवी, हे झालंच. पण वेगवेगळ्या टेबलांकडे गेलेल्या केबल दशांशापर्यंत एकाच लांबीच्या दिसल्या, तर एकच केबल पुन्हा पुन्हा तपासून तिला दर वेळी नवं नाव दिलेलं असण्याचा संभव दाट.