चौकशी कोणाची आणि कोणाकडून?

घोरावाडीचे स्थानक लहान. तेथे थांबते ती पुणे-लोणावळा लोकल. परंतु त्या लोकलला उद्या प्राणहानीचा अपघात झालाच, तर चौकशीस येणारे सुरक्षा आयुक्त रेल्वे खात्याचे नसतात. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याच्या हातून चूक झाली असण्याचा संभव आहे, त्यानेच न्यायासनावर बसू नये, हे तत्त्व सरकारने १९४१ सालीच मान्य करून ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून अलग केली.

घोरावाडीच्या डोक्यावरून वायुदलाचे विमान गेले, तर त्यास मात्र हे तत्त्व लागू नाही. विमाने बांधणारी हिंदुस्थान एअरोनॉटिक्स संरक्षण उत्पादन विभागाची. त्यांची गुणवत्ता तपासणारे संचालनालयही त्याच विभागाचे. उड्डाणयोग्यतेची ग्वाही देणारे केंद्र संरक्षण संशोधन संघटनेचे, आणि ती संघटना स्वतः विमानांचे भाग घडविते. अपघात झाला की चौकशी वायुदलच करते, व अहवाल सामान्यतः बाहेर येत नाही. घरचेच वादी, घरचेच पंच!

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याने हे दोनदा पाहिले. २७ जून २०१८ रोजी आणि पुन्हा ४ जून २०२४ रोजी सुखोई विमान तेथील शेतांत कोसळले. दोन्ही विमाने ओझरच्या कारखान्याशी संबंधित होती. वैमानिक बचावले, हे भाग्य. चौकशीचे आदेशही निघाले. पण ज्यांच्या द्राक्षपट्ट्यावर विमाने पडली, त्यांना कारण सविस्तर कळावयास नको काय?

बचावलेला वैमानिक निदान बोलू शकतो. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगढ येथे मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावलेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांना ती संधी नव्हती. दोष वैमानिकाचा, असा निष्कर्ष निघाला, आणि तो अमान्य करून विमानाच्या अवस्थेविषयी जाहीर प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांना करावे लागले. पुढे २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक व ३९ नागरिक प्राणास मुकले. एवढे सारे वैमानिक चुकले, असे कोणी म्हणेल असे आम्हांस वाटत नाही.

गुप्ततेचे कारण पुढे केले जाते. रडार व शस्त्रास्त्रे खुशाल गुप्त राहोत. इंधनाची नळी गळत होती की दुरुस्ती राहून गेली होती, हे कळल्याने शत्रूच्या हाती काय लागणार? ब्रिटनमध्ये २००६ साली अफगाणिस्तानात निमरॉड विमान पेटून चौदा जण ठार झाले, तेव्हा नामांकित वकिलाकरवी झालेल्या चौकशीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जबाबदार अधिकारी व कंपन्या नावानिशी होत्या. लगोलग २०१० साली लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक संस्था स्थापन झाली. ब्रिटनचे संरक्षण त्यामुळे दुबळे झाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात न्यावा लागला. २००५ सालच्या मिग अपघातात जायबंदी झालेल्या एका अधिकाऱ्यास दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये ५५ लाख रुपये भरपाई दिली, आणि विमानातील दोषाचे उत्तरदायित्व कारखान्यावर ठेविले. त्यास बारा वर्षे लागली. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले; सुखोई अद्याप उडत आहेत. संसदेने संरक्षण मंत्रालयाबाहेरचा सुरक्षा आयुक्त नेमावा, आणि निफाडच्या दोन्ही अपघातांचे अहवाल, गोपनीय मजकूर वगळून, सभागृहाच्या पटलावर ठेवावयास सांगावे.