रोबो शिकवेल, सोबतही करेल. पण कोणासाठी आणि कोणाच्या जागी?

कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबो आपण प्रत्यक्ष नाही तरी व्हिडिओत पाहिलेला असतो. त्याला माणसाशी काही देणेघेणे नसते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मात्र वेगळ्या प्रकारचे रोबो तयार होत आहेत. ते आपल्याकडे पाहतात, मान डोलावतात, नाव घेऊन हाक मारतात. त्यांना 'सोशल रोबो' म्हणतात. मुलांना शिकवणे आणि वृद्धांना, आजाऱ्यांना सोबत करणे, ही त्यांची दोन मोठी कामे मानली जातात. शाळा आणि दवाखाना हे दोन्ही आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. म्हणून हे तंत्रज्ञान आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

हे रोबो बनतात कसे?

1990 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील एमआयटीमध्ये सिंथिया ब्रेझील यांनी 'किस्मेट' नावाचे एक यांत्रिक डोके बनवले. आपल्या 'किस्मत' या शब्दाचेच हे रूप. किस्मेटला शब्दांचा अर्थ कळत नव्हता. आवाजातला प्रेमळपणा किंवा रागावणे ओळखून तो भुवया, कान, ओठ हलवायचा. तेवढ्यावर लोक त्याच्याशी लहान बाळाशी बोलावे तसे बोलू लागत. माणूस यंत्राला चटकन मन बहाल करतो, हे सोशल रोबोचे मूळ भांडवल आहे.

अशा रोबोवर अभियंत्यांसोबत मानसशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, परिचारिकाही काम करतात. अनेक प्रयोगांत रोबो स्वतः बोलतही नाही. पडद्यामागे बसलेला संशोधक त्याला चालवतो, कळसूत्री बाहुलीसारखा. रोबोने कसे वागावे, हे आधी अशा प्रकारे तपासून मग प्रोग्राम लिहिला जातो. त्यामुळे बातमीतला रोबो पाहताना पहिला प्रश्न विचारावा, हा खरोखर स्वतः उत्तर देतो आहे का?

बौद्ध जगतातलेच उदाहरण घ्या. क्योटोच्या कोदाइजी मंदिरात 2019 साली अवलोकितेश्वर बोधिसत्वाच्या रूपातला 'मिंदार' हा रोबो बसवण्यात आला. त्याच्या निर्मितीत ओसाका विद्यापीठाचे प्रा. हिरोशी इशिगुरो सहभागी होते. तो प्रज्ञापारमिता हृदय सूत्रावर प्रवचन देतो. पण ते प्रवचन आधीच भरून ठेवलेले होते. बोलणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपयोग कुठे दिसतो?

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005 पासून 'कास्पर' हा लहान मुलाच्या उंचीचा रोबो स्वमग्न मुलांसाठी विकसित झाला. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवला आहे. माणसाच्या चेहऱ्यावरचे भरभर बदलणारे हावभाव या मुलांना गोंधळात टाकतात. कास्पर तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करतो. त्याला जोरात चिमटा काढला तर दुखल्याचे दाखवतो. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास होतो, हे मूल अशा सरावातून शिकू शकते. शेजारी मोठे माणूस मात्र असतेच.

दुसरे उदाहरण 'पारो'चे. जपानचे संशोधक ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिल्लासारखा हा मऊ रोबो स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी बनवला. कुत्रा-मांजर सगळ्यांच्या परिचयाचे, त्यामुळे खऱ्याशी तुलना होते. सील कोणी पाळलेला नसतो, म्हणून तो निवडला. 2009 मध्ये अमेरिकेने पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तेव्हा किंमत सुमारे 6000 डॉलर होती.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 28 वृद्धाश्रमांतील 415 जणांवर पारोची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. काहींना चालू पारो दिला, काहींना बंद ठेवलेला, म्हणजे नुसते खेळणे. तिसऱ्या गटाला नेहमीची सेवा. नेहमीच्या सेवेपेक्षा पारोने मनःस्थिती सुधारली. पण बंद पारोशी तुलना केली, तेव्हा चालू पारो फक्त एका बाबतीत सरस ठरला. लोक त्याच्यात जास्त रमले. बाकी बाबतींत तो साध्या मऊ खेळण्यापेक्षा सरस ठरला नाही.

वर्गातला अनुभव

नेदरलँड्समध्ये 'नाओ' या छोट्या रोबोने पाच-सहा वर्षांच्या 194 मुलांना इंग्रजी शब्द शिकवून पाहिले. मुले शिकली. पण केवळ टॅबलेटवर शिकलेली मुलेही तितकीच शिकली. जपानमध्ये एका प्राथमिक शाळेत 'रोबोवी' ठेवला, तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड उडाली आणि दुसऱ्या आठवड्यात ओसरली. नवलाई संपल्यावर काय उरते, हे दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकात दिसत नाही.

मग काम कोण करते?

संशोधक जेम्स राइट यांनी जपानमधील वृद्धाश्रमात राहून अभ्यास केला आणि 2023 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रोबोमुळे कर्मचाऱ्यांचे काम कमी झाले नाही, उलट वाढले, असे त्यांना दिसले. रोबो आणायचा, पुसायचा, चार्ज करायचा, त्याच्यावर लक्ष ठेवायचे. म्हणजे रुग्णासोबत यंत्राचीही शुश्रूषा. आपल्याकडे हे काम करणार कोण? वॉर्डातल्या मावशी, आया, कंत्राटी कामगार. त्यांत आपली माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आपण काय विचारायचे?

पहिला प्रश्न, रोबोला आपला चेहरा आणि भाषा कळते का? जॉय बुओलामविनी आणि तिम्नित गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर 0.8 टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत 34.7 टक्क्यांपर्यंत. लहान मुलांचे बोलणे तर यंत्राला कुठल्याही भाषेत अवघड जाते. मग वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या लेकराचे रोबो काय ऐकेल? आणि न कळल्यावर चूक कोणाची ठरवली जाईल?

दुसरा, मुलांची माहिती कुठे जाते? रोबोला कॅमेरा आणि माइक असतो. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी 2025 पासून शाळांमध्ये यंत्राने मुलांच्या भावना ओळखण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे.

तिसरा, कंपनी बंद पडली तर? अमेरिकेत 'जिबो' हा घरगुती रोबो 2017 मध्ये विक्रीला आला. 2019 मध्ये सर्व्हर बंद होणार असल्याचे त्यानेच घरोघरी सांगून निरोप घेतला.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, रोबो शिक्षकाच्या मदतीला येतो आहे की शिक्षकाच्या जागी? श्रीमंताच्या मुलाला शिक्षक अधिक रोबो आणि गरिबाच्या मुलाला शिक्षकाऐवजी रोबो, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही. रिक्त जागा भरा, मग यंत्र आणा, असे शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी ठामपणे म्हणायला हवे.

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कास्परसारखा रोबो एखाद्या स्वमग्न मुलाला मदत करत असेल, तर तो आपल्या वस्तीतल्या मुलालाही मिळायला हवा. पण रोबो कोणाच्या गरजेसाठी बनतो, हे प्रयोगशाळेच्या टेबलाभोवती कोण बसले आहे त्यावर ठरते. अभियांत्रिकी, मानसशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या संशोधनात शिरावे. बाहेरून प्रश्न विचारणारे कार्यकर्ते हवेतच, पण आत बसून यंत्राला मराठीच्या बोली शिकवणारेही हवेत.