लॉगिन कुठून झाले: नाव लिहावे की पत्ता?

दूरच्या सर्व्हरवर कोणी लॉगिन केले की युनिक्स आणि लिनक्स प्रणाली त्याची नोंद ठेवते: कोण आले, कधी आले, कुठून आले. ही नोंद ‘डब्ल्यूटीएमपी’ या फाइलमध्ये जाते आणि ॲडमिन ‘लास्ट’ ही कमांड देऊन ती वाचतो. ‘कुठून’च्या रकान्यात दोनपैकी एक गोष्ट येते: २०३.०.११३.४५ असा आयपी पत्ता, किंवा होस्टनेम, म्हणजे त्या पत्त्याला डीएनएसमध्ये, म्हणजे नावे आणि पत्ते यांची सांगड घालणाऱ्या यंत्रणेत, दिलेले नाव. नाव वाचायला सोपे, म्हणून वर्षानुवर्षे नावच लिहिले जाई. पुराव्याच्या दृष्टीने मात्र पत्त्याची नोंद कितीतरी भक्कम असते.

जोडणी येते तेव्हा सर्व्हरच्या हाती फक्त पत्ता असतो. उत्तर त्याच पत्त्यावर जाते आणि तिथून पुन्हा प्रतिसाद आला तरच टीसीपी जोडणी पुरी होते. त्यामुळे भलताच पत्ता सांगून लॉगिनपर्यंत पोहोचणे आज फार अवघड आहे. नाव या देवाणघेवाणीत कुठेच नसते. ते हवे असेल तर सर्व्हरला डीएनएसकडे उलटी चौकशी करावी लागते: या पत्त्याचे नाव काय? आणि या चौकशीचे उत्तर तो पत्ता ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याच नोंदीतून येते. सोसायटीच्या वहीत पाहुणा स्वतःचे नाव स्वतः लिहितो, गाडीचा नंबर मात्र वॉचमन पाहून लिहितो; होस्टनेम आणि पत्ता यांत तेवढाच फरक आहे.

हा फरक किती महागात पडू शकतो, हे बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन बेलोविन यांनी १९९० मध्येच दाखवून दिले होते. त्या काळी ‘आरलॉगिन’सारखे प्रोग्रॅम ओळखीच्या यंत्राचे नाव दिसले की पासवर्ड न विचारता आत घेत. हल्लेखोराने आपल्या पत्त्याच्या उलट्या नोंदीत ते ओळखीचे नाव लिहून ठेवले की दार उघडे. दोष इतका गंभीर होता की बेलोविन यांनी त्यावर लिहिलेला निबंध हातचा राखला; तो प्रसिद्ध झाला १९९५ मध्ये.

यावर तोडगा निघाला तो उलटतपासणीचा. पत्त्यावरून नाव काढायचे, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा आणि दोन्ही जुळले तरच नाव खरे धरायचे. दूरच्या लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये ‘यूजडीएनएस’ हा पर्याय चालू असला की हीच तपासणी होते. ती ठीकच, पण जगभरातल्या कित्येक इंटरनेट कंपन्यांच्या उलट्या नोंदी अर्धवट किंवा चुकीच्या असतात. जुळणी झाली नाही की लॉगमध्ये ‘पॉसिबल ब्रेक-इन अटेम्प्ट’ असा इशारा बरीच वर्षे उमटत असे आणि नवख्या ॲडमिनचा जीव उगाच टांगणीला लागे. बहुतेक वेळा कारण एवढेच, की कोणीतरी नोंद अद्ययावत केलेली नसे.

दुसरा जाच उशिराचा. डीएनएसचा सर्व्हर गप्प बसला तर लिनक्स साधारणपणे पाच सेकंद वाट पाहते आणि पुन्हा विचारते. तेवढा वेळ लॉगिन करणारा कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. मार्च २०१५ मधल्या ६.८ या आवृत्तीपासून ओपनएसएसएचने ‘यूजडीएनएस’ मुळातच बंद ठेवले. अपाची या वेबसर्व्हरने तर १.३ आवृत्तीपासूनच आपल्या लॉगसाठी नावे शोधणे सोडून दिले होते. जुन्या बीएसडी प्रणालींत आणखी एक अडचण होती: नोंदीत यंत्राच्या नावासाठी जागा सोळाच अक्षरांची. लांबलचक नाव मध्येच तुटे आणि नेमका कामाचा शेवटचा भाग गळून पडे. आयपीव्ही४ पत्ता बिंदूंसकट फार तर पंधरा चिन्हांचा, तो तिथे सहज मावत असे.

खरी परीक्षा काही महिन्यांनी, चौकशीच्या वेळी होते. लॉगमध्ये नुसते नाव असेल, तर ते नाव आज वेगळ्याच यंत्राकडे वळवलेले असू शकते, किंवा डीएनएसमधून पुसले गेलेले असू शकते. पत्ता असेल, तर तो कोणत्या कंपनीला दिलेला होता हे प्रादेशिक नोंदणी संस्थेकडून काढता येते. नाव हवेच असेल तर ते मागाहूनही शोधता येते. ‘लास्ट’ला ‘-डी’ जोडले की पत्त्यांची नावे दिसतात. ती नावे आजची असतात, लॉगिनच्या दिवसाची नव्हेत, एवढे भान ठेवायला हवे.

पत्त्यानेही सगळे भागत नाही. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. अशा वेळी ग्राहक शोधायचा तर पत्त्यासोबत पोर्टचा क्रमांक आणि अचूक वेळ लागते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याबरोबरच घड्याळे सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवण्याचीही सक्ती आहे. ‘डब्ल्यूटीएमपी’मध्ये पोर्टला रकानाच नाही. एसएसएचच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र यशस्वी लॉगिनच्या ओळीत पत्त्यापाठोपाठ पोर्टही येतो. त्यामुळे ‘लास्ट’ची यादी चाळायला पुरते, पण जपून ठेवायचा तो हा दुसरा लॉग.